निरोपाला जागा लागते

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी फूटपट्टीने पाकीट फोडलं, आतला कागद उलगडला आणि तिचं डोकं गरगरलं. कागदावर एकोणीस लिहिलं होतं. तिच्या मोजणीत एकतीस आले होते.

आता अठरा आले असते किंवा वीस आले असते, तर कोणी हूं की चूं केलं नसतं. मोजणी म्हटलं की थोडं इकडचं तिकडे व्हायचंच. पण एकतीस म्हणजे काय? हे एकोणिसाच्या जवळपास नाही, दुप्पट नाही, दीडपटही धड नाही. तिने कागद उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला काकांच्या पेनाची शाई फुटली होती, तेवढंच.

फूटपट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. संस्थेतल्या लोकांनी ते पाडलं, कारण ही बाई मोजायला बसली की कोणाच्या बापाचं ऐकत नाही, जे येईल ते सांगून मोकळी होते. तिचा स्वतःचा बाप याच संस्थेत वरच्या खुर्चीवर होता तेव्हा ही थट्टा जरा जास्तच रंगायची. बाप गेला, थट्टा विरली, नाव राहिलं. बेचाळीस वर्षांच्या बाईला फूटपट्टी म्हणून हाक मारतात आणि ती ओ देते.

मोजणीची खोली तळमजल्यावर होती. भिंतींना, छताला, जमिनीला, सगळीकडे निळ्या फोमचे हातभर लांब सुळके, टोकं आतल्या बाजूला. बिनतारी लहर त्या सुळक्यांत शिरली की बाहेर येत नाही, म्हणून मोजताना भिंतीवरून परतलेली भलतीसलती लहर मध्ये लुडबुडत नाही. सुळके आवाजही गिळतात. आत बोललेलं तोंडापाशीच संपतं. नव्या माणसाची तिथे दोन मिनिटांत चुळबुळ सुरू होते. फूटपट्टी सतरा वर्षं त्याच खोलीत सुखाने काम करत होती.

खोलीच्या एका टोकाला लाकडी स्टँडवर पॅनेल उभं होतं. आकाराने चहाच्या ट्रेएवढं, त्यावर चौसष्ट छोट्या अँटेना. दुसऱ्या टोकाला प्रोब, म्हणजे लहर टिपणारी अँटेना, मोटरवर इंचाइंचाने सरकणारी. प्रश्न ऐकायला साधा होता: या चौसष्ट जणी एकाच वेळी बोलायला लागल्या, तर त्यांतले किती निरोप एकमेकांत न मिसळता वेगवेगळे पोचतील? अशा वेगळ्या वाटा किती? उद्याच्या फोनजाळ्यांसाठी भिंती, छतं, रस्त्यावरचे खांब अशा पॅनेलांनी मढवायचं घाटत होतं. तेव्हा एका ट्रेमध्ये किती वाटा मावतात, हे आधी कळायला हवं होतं.

संस्थेत एक शिस्त होती, बाबांनी लावलेली. सूत्रवाल्यांनी आपला आकडा आधी कागदावर लिहून पाकिटात बंद करायचा. मोजणाऱ्याने तो न बघता मोजायचं. मग पाकीट फोडायचं. म्हणजे मोजणारा आकड्याच्या मोहात पडत नाही आणि सूत्रवाला मागाहून शब्द फिरवू शकत नाही. या शिस्तीपायी बाबांनी स्वतःची दोन सूत्रं हसत हसत टोपलीत टाकली होती.

दुसऱ्या मजल्यावर आई बसायची. आईचा विषय निरोप. गोंगाटातून किती मजकूर बिनचूक पलीकडे नेता येतो, याचं गणित. आईच्या वहीत अँटेना म्हणजे नुसता ठिपका. तिला लांबी नाही, रुंदी नाही, शेजारणीचा त्रास नाही. तिसऱ्या मजल्यावर काका. काकांचा विषय लहर. ती धातूवरून कशी सुटते, कशी पसरते, शेजारच्या अँटेनाला कशी कोपर मारते. ती लहर काय सांगत चालली आहे, याचं काकांना सोयरसुतक नव्हतं. आईच्या जुन्या गणिताने चौसष्ट ठिपके म्हणजे चौसष्ट वाटा. काका म्हणायचे, एका बाकावर चौसष्ट माणसं कोंबली म्हणून बाक लांब होतो का?

या दोघांच्या मध्ये बाबा होते. आईचा नवरा आणि काकांचा थोरला भाऊ. दोघांचं म्हणणं एकाच सूत्रात बसवायचा ध्यास त्यांनी घेतला होता. निरोपाला जागा लागते, हे त्यांचं वाक्य. मजकूर हवेत नुसता तरंगत नाही, तो लहरीच्या अंगावर बसून जातो, आणि लहरीला अंग असल्यामुळे ठरावीक जागेत ठरावीकच निरोप मावतात. चाळीस पानं लिहून झाली आणि बाबा गेले.

त्याला नऊ वर्षं झाली, आणि त्या दिवसापासून आई आणि काका यांच्यात छत्तीसचा आकडा. फूटपट्टीने आयुष्यात नाना आकडे मोजले, पण हा तिला तसूभर हलवता आला नाही.

बाबा गेले तेव्हा त्यांच्यापाशी कोणी नव्हतं. भांडण म्हणाल तर एवढंच. आई तीन दिवस इस्पितळात बसून होती. चौथ्या दुपारी ती घरी आंघोळीला गेली, कारण काका येऊन बसणार होते. काका आले नाहीत. आई म्हणायची, मी निरोप पाठवला होता. काका म्हणायचे, मला मिळाला नाही. दोघांनीही मनातल्या मनात दुसऱ्याला खोटारडं ठरवलं आणि विषय संपवला.

निरोप फूटपट्टीकडे होता. तो तिने दिला होता की नव्हता? खरं सांगायचं तर तिला आठवत नसे. कधी वाटे, फोन केला होता, काकांनी उचलला नाही. कधी वाटे, उचलला होता, पण आपलं बोलणं त्यांना नीट ऐकू गेलं नाही. कधी वाटे, फोन हातात घेतला आणि तेवढ्यात नर्सने औषधाची चिठ्ठी दिली. ती जितकी आठवायला बसे, तितके आठवणीचे नवे नवे प्रकार निघत. तिला कोणी विचारलंही नाही, कारण फूटपट्टी जे असेल ते सांगते, यावर आईचाही विश्वास होता आणि काकांचाही.

दोन वर्षांपूर्वी संचालकांनी दोघांना बोलावून सांगितलं, की बाबांची चाळीस पानं पुरी करा, नाहीतर मी दुसऱ्या संस्थेला देतो. नाही म्हणायची सोय नव्हती. मग सुरू झालं चिठ्ठ्यांचं राज्य. आई दुसऱ्या मजल्यावर चिठ्ठी लिहायची, फूटपट्टी ती तिसऱ्यावर न्यायची. काका उत्तर लिहायचे, ती खाली आणायची. बावीस पायऱ्या; अकरावीनंतर वळण, तिथे एक खिडकी. जगातल्या सगळ्या फोनजाळ्यांचं भवितव्य ठरवणारं सूत्र एका बाईच्या गुडघ्यांवर उभं राहिलं होतं, आणि ते गुडघे हल्ली कुरकुरायचे.

गेल्या आठवड्यात मात्र आईने चिठ्ठी दिली नाही, तोंडी सांगितलं. चष्मा पुसता पुसता, खिडकीबाहेर बघत. "भाऊजींना सांग, आकडा जुळला तर जुळणीच्या कागदावर सही करायला मी स्वतः वर येईन."

फूटपट्टीने तो निरोप बावीस पायऱ्या जवळजवळ धावत नेला होता. काकांनी ऐकलं, दोनदा घसा साफ केला आणि टेबलावरचा पसारा आवरायला घेतला. नऊ वर्षांत त्यांनी तो कधी आवरला नव्हता. त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला होता: आकडा जुळू दे. फोनजाळ्यांसाठी पॅनेल निवडणाऱ्या निवड समितीला आज पाच वाजता अहवाल जायचा होता. आणि आज एकतीस आले होते.

तिने दहा मिनिटं स्वतःचीच उलटतपासणी घेतली, मग वर गेली.

"एकतीस?" आईने चष्मा कपाळावर चढवला. "कमी आले असते तर समजलं असतं. जास्त कसे येतील? अगं, ती मर्यादा आहे. वाटीत मावतं त्याहून जास्त वाटीत मावत नाही."

"मला पण तेच कळत नाही."

"भाऊजींना विचार, पॅनेल आराखड्यातल्या मापाचंच बनलंय ना."

बावीस पायऱ्या. काकांनी ऐकलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पॅनेल मी स्वतः मोजून घेतलंय. वहिनींना विचार, गोंगाटालाच वाट समजून मोजत नाहीयेत ना."

बावीस पायऱ्या. "गोंगाटाची पातळी तू दिलेलीच धरली आहे. तेव्हा चूक असली तर तुझ्या खोलीत असेल," आई म्हणाली. आणि लगेच, जरा मऊ आवाजात: "जेवलीस का?"

"अकरा वाजलेत, आई."

"मग नंतर जेव. आधी शोध."

तिने शोधलं. एकेक कनेक्टर टॉर्क पान्याने पुन्हा आवळला. केबल बदलली. पॅनेलच्या स्टँडला कुठे खिळा राहिला आहे का, म्हणून लाकूड बोटांनी चाचपलं. सुळक्यांमागे पडलेला जुना स्क्रू-ड्रायव्हर सापडला. गेल्या वर्षीपासून तो हरवला होता. तिला वाटलं, हाच चोर. बाहेर काढून मोजलं: एकतीस. स्वतःचा फोन दाराबाहेर ठेवला, केसांतली पिन काढली, घड्याळ काढलं. एकतीस. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, पहिल्यापासून कॅलिब्रेशन केलं. एकतीस. चौथ्या, पाचव्या, सहाव्या खेपेलाही तेच. चुकीची मोजणी निदान दर खेपेला वेगळी चुकते. ही हलायलाच तयार नव्हती.

मध्ये तिने आणखी तीन वेळा जिना केला. काकांना आता आईच्या गणिताची शंका येत होती आणि आईला काकांच्या लहरींची. दोघेही अत्यंत सभ्य शब्दांत एकमेकांची अक्कल काढत होते, आणि ते शब्द हिच्या तोंडून जायचे. शेवटी शेवटी आपण कोणाच्या बाजूने बोलतोय, हेच तिला उमजेना. काकांकडे जाऊन तिने काकांचाच निरोप त्यांना ऐकवला. काकांनी तिच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तू आधी दोन घास खा."

दोन वाजता ती खोलीबाहेरच्या स्टुलावर डबा उघडून बसली. पाणी कुठेतरी मुरत होतं, पण कुठे? तिने सकाळपासून काय काय केलं ते बोटांवर मोजायला घेतलं. पॅनेल चढवलं. प्रोब उभी धरून सगळे बिंदू मोजले. प्रोब फिरवून आडवी केली, पुन्हा सगळे बिंदू मोजले. दोन्ही तक्ते जोडले. जोडलेल्या तक्त्यातून वाटा मोजल्या.

तिचा घास हातातच राहिला.

प्रोब उभी आणि मग आडवी धरणं ही तिच्या हाताची सतरा वर्षांची सवय. डोक्याला त्यात कधी विचारावंच लागत नसे. कपडे वाळत घालायची दोरी घ्या. ती वरखाली हलवली तर एक लहर जाते, डावीउजवीकडे हलवली तर दुसरी. एकाच दोरीवर दोन निरोप, एकमेकांना न शिवता. बिनतारी लहरीचंही तसंच, उभी आणि आडवी. कॉलेजच्या पोरांना हे माहीत असतं. इतकी साधी गोष्ट.

डबा तसाच टाकून ती आत गेली. या खेपेला तिने फक्त उभ्या प्रोबचा तक्ता घेतला आणि संगणकाला वाटा मोजायला सांगितल्या.

एकोणीस.

फक्त आडव्याचा घेतला. बारा.

एकोणीस आणि बारा, एकतीस. तिला इतका आनंद झाला, की त्या मुक्या खोलीत ती एकटीच मोठ्याने हसली. मोजणी बरोबर होती. सूत्र अर्धं होतं. आडव्या लहरी सूत्रात कोणी धरल्याच नव्हत्या. आई आणि काका, दोघांनी मिळून पन्नास वर्षं ज्या विषयात घालवली, त्यातलं पहिलं पान दोघेही विसरले? असं कसं होईल?

आणि मग तिला जिना आठवला.

दोन वर्षांपूर्वी, चिठ्ठ्यांचं राज्य नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा, आईने एकदा तिला दारातून परत हाक मारली होती. "अगं, आणखी एक. भाऊजींना विचार, लहरींच्या यादीत त्यांनी उभ्या-आडव्या दोन्ही धरल्यात ना? त्यांनी धरल्या असतील तर मी पुन्हा दोनने गुणत नाही." त्या दिवशीची ती सातवी फेरी होती. ती अकरा पायऱ्या चढली. खिडकीपाशी थांबली. गुडघा ठणकत होता. काकांसारखा माणूस, तो का नाही धरणार? हे काय विचारायचं? उलट त्यांना राग येईल. मिनिटभर ती खिडकीबाहेर बघत राहिली, मग तिथूनच वळली, खाली आली आणि आईला म्हणाली, "हो म्हणाले."

हो म्हणाले. हे दोन शब्द तिने आता, निळ्या सुळक्यांच्या मध्ये उभं राहून, हलकेच उच्चारून पाहिले. ते तिच्या तोंडात फार जुने वाटले. त्याआधीही तिने ते असेच, याच आवाजात म्हटले होते. इस्पितळाच्या व्हरांड्यात आई पिशवी खांद्याला लावून उभी होती. "काका येऊन बसतील ना गं दुपारी? विचारलंस?" आणि ही, तीन दिवसांची जागलेली, भिंतीला टेकलेली: "हो म्हणाले."

फोन लागला नाही, असं नव्हतं. नर्सने चिठ्ठी दिली, असंही नव्हतं. तिने फोन केलाच नव्हता. काका रोज दुपारी यायचेच, आजही येतील, सांगायला कशाला हवं, असं तिला वाटलं होतं. आणि काका मागाहून म्हणाले होते, त्या दुपारी त्यांना वाटलं, आज वहिनी असतीलच, आपण कशाला गर्दी करा. नऊ वर्षं तिने जे धूसर करून ठेवलं होतं ते एका आकड्याने लख्ख समोर आणून ठेवलं. ती स्टँडला धरून उभी राहिली.

साडेतीन वाजले. आता काय करायचं?

एक रस्ता अगदी सरळ होता. अहवालात लिहायचं: मोजलेल्या वाटा एकोणीस. खाली बारीक अक्षरात: प्रोब उभी. हे खोटं नव्हतं. सूत्र एकोणीस, मोजणी एकोणीस. पाच वाजता आई बावीस पायऱ्या चढून वर गेली असती, काकांनी आवरलेल्या टेबलावर दोघांनी शेजारी शेजारी सही केली असती, बाबांचं नाव सर्वांत वर. निवड समितीतल्या कोणी शहाण्याने पुढे आडव्या लहरींचं विचारलं असतं, तर ते पुढचं पुढे. तोवर दोघे बोलायला लागलेले असते. तिने अहवालाच्या चौकटीत एकोणीस लिहिलंसुद्धा. लिहून त्याकडे पाहत बसली. हेही पुन्हा हो म्हणाले असंच झालं असतं, फक्त आकड्यात.

तिला रडू आलं नाही. भीती वाटली, आणि स्वतःचा भयंकर राग आला.

तिने दोन फोन केले. दोघांना एकच सांगितलं: खाली या, लगेच. दुसरंही कोणी येतंय, हे दोघांनाही सांगितलं नाही.

काका आधी आले. पाठोपाठ आई आली, काकांना पाहून दारातच थबकली.

"आत ये, आई. दार लावायचंय."

दार लागलं आणि खोली मुकी झाली. तिघांचे श्वास तेवढे ऐकू येत होते. आई आतल्या एकुलत्या एका स्टुलावर बसली, चष्मा काढून मांडीवर ठेवला. काका पॅनेलपाशी उभे राहिले. दोघेही हिच्याकडे बघत होते, म्हणजे एकमेकांकडे बघायला नको.

"मोजणी बरोबर आहे," ती म्हणाली. "सूत्र चुकलंय. एकोणीस फक्त उभ्या लहरींचे. आडव्या कोणीच धरल्या नाहीत."

काका तिच्याकडे बघून म्हणाले, "शेवटी दोनने गुणायचं होतं की. तेवढा एक गुणाकार वहिनींच्या भागात होता."

आई तिच्याकडे बघून म्हणाली, "यादीत दोन्ही आहेत असं मला कळवलं होतं. मी पुन्हा कशी गुणणार?"

"मी कधी कळवलं?"

"नाही कळवलंत, काका." तिचा आवाज इतका लहान झाला होता, की सुळक्यांना गिळायला काही उरलं नव्हतं. "आई, तू मला विचारायला पाठवलं होतंस. मी अर्ध्या जिन्यातून परत आले. विचारलंच नाही. हो म्हणाले, हे मीच सांगितलं."

काकांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. सकाळपासून जो तिच्या चेहऱ्यावर होता तोच. आई मात्र हळूहळू ताठ होत गेली. ती गणितातल्या एखाद्या पायरीपाशी पोचलेली असली की अशीच बसायची.

"आणि त्या दिवशी?" आईने विचारलं.

कोणता दिवस, हे तिघांपैकी कोणालाही विचारावं लागलं नाही.

"त्या दिवशीही," फूटपट्टी म्हणाली. "मी काकांना फोन केला नव्हता. मला वाटलं, येतीलच."

काकांनी हात पुढे करून पॅनेलची कड धरली. मोजणीच्या वस्तूला कोणी उघड्या हाताने शिवलं की ती एरवी ओरडायची. आज तिने पाहिलं आणि गप्प बसली.

आई उठली. तिचा चेहरा वाचता येत नव्हता. "किती वाजले?"

"सव्वाचार."

"अहवालात एकतीस लिही. सूत्र चुकलं, तेही लिही. कारणात लिही, की एक प्रश्न विचारायचा राहून गेला." ती दारापाशी थांबली. "माझं नाव घाल त्यात. विचारायला मी जायला हवं होतं."

"आई, मी…"

"यापुढे निरोप तू न्यायचे नाहीत. तू फक्त मोज."

ती गेली. काका तिच्यानंतर थोड्या वेळाने गेले, जाताना फूटपट्टीच्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखं केलं, पण हात पोचायच्या आतच मागे घेतला. काढून घेतलेलं काम ही शिक्षा होती की सुटका, तिला काही कळेना. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. ओरडणं समजतं.

तिने अहवाल लिहिला. एकोणीस खोडून एकतीस केलं. दोनने गुणलं असतं तर अडतीस यायला हवे होते. सात वाटा कुठे बुडाल्या, याचा शोध बाकी आहे, असं शेवटी लिहिलं. पाचला दहा कमी असताना तो पाठवून दिला. मग तिचं लक्ष गेलं. स्टुलाखाली आईचा चष्मा पडला होता.

तो घेऊन ती दुसऱ्या मजल्यावर गेली. आईची खोली उघडी होती, आत कोणी नव्हतं. खुर्ची मागे सरकवलेली, पेनाचं टोपण उघडं. जिन्यातून वरून आवाज येत होते. फूटपट्टी चढायला लागली. अकराव्या पायरीवर, खिडकीपाशी, तिला शब्द कळायला लागले आणि ती थांबली.

"भाऊजी," आई विचारत होती. धाप लागल्यामुळे तिचा आवाज तुटत होता. "तुम्ही त्या दुपारी कुठे होतात?"

मग काकांची खुर्ची करकरली.

"इथेच. फोनपाशी बसून होतो, वहिनी. वाटलं, थकलात की बोलवाल."

वरचं दार उघडंच राहिलं. चष्मा फूटपट्टीच्या हातात होता. वर नेऊन द्यावा, तर ने-आण करायचं काम तिच्याकडून आजच काढून घेतलेलं. खाली जावं, तर अकराव्या पायरीवरून परत फिरायची तिला हिंमत होईना. ती तिथेच पायरीवर बसली.